हात आत, हँडल हातात

डोळा लागण्याआधीची जी घटका असते, तिच्यात माणूस स्वतःला हमखास फसवतो. सोपान राजपुरे तर त्या कामात मुरलेला गडी. आत्ताही तो जुन्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली गोणपाटावर उताणा पडलाय, उजवा हात कोपरापर्यंत ट्रॅक्टरच्या आत आहे, डोळे मिटलेले आहेत. आणि त्याच्या मते तो झोपलेला नाही, विचार करतोय.

बाहेर दुपार टळटळतेय. वाईहून पाचगणीला चढणारा घाट संपता संपता वळणावर पत्र्याची एक शेड लागते, तीच ही. इथं मोठे ट्रॅक्टर येत नाहीत. इथं येतात ते बंगल्यांच्या आणि शाळांच्या बागांमधले, बुटके, विलायती. गवत कापायचे, वाफे नांगरायचे, आणि मालक मेला तरी न मरणारे. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळायचे कधीच बंद झालेत. जे लागेल ते घासून, ठोकून, दुसऱ्याच कशाचं तरी काढून बसवायचं, असा हा धंदा.

सकाळी सोपाननं बहिणीला सांगितलंय, "आक्का, वाईला जातो. इंजिनाचं पॅकिंग आणायचंय." आक्का, गावाची चंद्राबाई, शेडमागच्या घरात राहते आणि भावाच्या शब्दावर विश्वास ठेवते, हा तिचा जुना दोष. सोपान आठवड्यातून दोनतीनदा वाईला जातो. त्यातला एखादा दिवस तो खरोखरच वाईला जातो. बाकीच्या दिवशी त्याची वाई म्हणजे कुठल्या तरी ट्रॅक्टरखालचं हे गोणपाट. इथं सावली असते, जमीन गार असते, आणि मागच्या भिंतीकडे पाय केले की ताडपत्रीआड ते दिसतही नाहीत. दारातून पाहणाऱ्याला फक्त ट्रॅक्टर दिसतो.

हा ट्रॅक्टर दीनाबाईंचा. वरच्या टेबललँडकडच्या बंगल्यातल्या. त्यांच्या नवऱ्यानं हौसेनं आणलेला. मूळचा लाल, आता रंग उडून उडून बाळाच्या टाळूसारखा गुलाबी झालेला. लाकडी ठोकळ्यांवर चढवलाय. त्याच्या पोटाला तळहाताएवढी खिडकी आहे. खिडकीतून हात घातला की आतलं जड चाक, फ्लायव्हील, बोटांना लागतं. त्या चाकावर कुठंतरी छिन्नीनं मारलेली बारीक खूण आहे. ती सापडली की ठिणगीची वेळ जुळते, आणि वेळ जुळली की हे धूड बोलायला लागतं. खूण डोळ्यांना दिसत नाही. बोटांनीच चाचपायची.

सोपान चाचपतोय. म्हणजे, चाचपत होता. बोटं चाकावर तशीच राहिली आहेत.

हेच काम करताना, ह्याच ट्रॅक्टरखाली, दाजी गेले.

दाजी म्हणजे विठोजी कासुर्डे, आक्काचा नवरा आणि सोपानचा वस्ताद. ह्या धंद्यात म्हातारा होऊनही दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला माणूस. त्यांचा स्वतःचा वस्ताद कोल्हापूरचा होता आणि त्याला सातच उरली होती, तेवढ्यावरून दाजी जे शिकायचं ते शिकले. त्यांनी शेडला एकच नियम घालून दिला: हात ज्याचा आत, हँडल त्याच्या हातात. हे ट्रॅक्टर पुढून लोखंडी हँडल घालून, गरागरा फिरवून चालू करायचे. एकाचा हात आत असताना दुसऱ्यानं बाहेरून हँडल मारलं तर आतलं चाक फिरतं, आणि मग बोटं मोजायची वेळ येते. म्हणून दाजी ट्रॅक्टरखाली शिरताना हँडल बगलेत घेऊन शिरत. चाक जरासं फिरवायचं असलं तर उठून बाहेर येत, हँडल लावत, जरासं फिरवत, काढत, पुन्हा बगलेत, पुन्हा आत. सोपान हसायचा. "दाजी, म्या हाय की भायेर, म्या फिरवतो." दाजी म्हणायचे, "तू हायस म्हणूनच."

ह्या हिवाळ्यात आक्का त्यांना जेवायला हाक मारायला आली तेव्हा ते ट्रॅक्टरखालीच होते. छाती थांबली होती. एक हात खिडकीत होता, दुसऱ्या मुठीत हँडल. मूठ काही केल्या उघडेना. चौघांनी प्रयत्न केला. शेवटी आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. जाऊ द्या त्यांच्यासंगं." हँडल तसंच चितेवर गेलं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले, तर अस्थी सापडल्या, हँडल नाही सापडलं. लोखंड काही जळत नाही. कुणीतरी म्हणालं, भंगारवाल्यानं नेलं असेल. गावात ज्या गोष्टीचा हिशेब लागत नाही ती भंगारवाल्याच्या नावावर टाकायची रीतच आहे.

सोपाननं वाईच्या लोहाराकडून नवीन हँडल करून घेतलं. ते आत्ता दाराच्या चौकटीला टेकून उभं आहे. सोपानच्या हातापासून चांगलं चार ढांगा दूर. दाजी गेले, नियमही गेला. आता फिरवायला दुसरं आहेच कोण, असा सोपानचा हिशेब.

माशी गुणगुणते. पत्रा तापून टकटक वाजतो. आत ठेवलेल्या हाताला मुंग्या आल्यात. उठून हात काढावा असं सोपानला वाटतं. आणि वाटण्यातच तो उठतो, हात काढतो, झटकतो, तांब्यातलं पाणी पितो. पण हात आतच आहे, आणि पाण्याला रॉकेलचा वास आहे.

मग आतून त्याचं बोट कुणीतरी धरतं.

जोरानं नाही. गर्दीत मूल बापाचं बोट धरतं तसं, सहज. 

"सोपाना."

आवाज वरून येतो. सोपान ओ देत नाही. भर दुपारी हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे त्याला आईनं शिकवलंय, आणि आईमागं आक्कानं. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही ते दोनदाच मारतं.

"सोपाना."

सोपान तिसरीची वाट बघतो. पत्रा टकटकतो. तिसरी येत नाही. 

"तिसरी मारत न्हाय लेका," आवाज म्हणतो. "त्याचीच वाट बघत पडलायस, मला काय ठावं न्हाय व्हय?"

ट्रॅक्टरच्या सीटवरून दोन पाय खाली लोंबकळतात. सोपान आधी पावलं बघतो, उलटी आहेत का. नाहीत. सरळ आहेत. पण घोट्यापर्यंत राखाडी आहेत, पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याची असतात तशी.

"दाजी," सोपान म्हणतो. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"वाई कशी हाय?"

"बरी हाय."

"पॅकिंग घावलं?"

 मेलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, हे सोपाननं ऐकलंय. आपल्या वाईचंही असेल, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"दुकान बंद व्हतं," तो म्हणतो.

दाजी हसतात. तेच हसणं, नाकातून. ते ऐकून सोपानला जरा धीर यायला हवा, पण येत नाही, कारण हसू वरून येतंय आणि बोट आतून धरलेलं आहे, आणि दाजी काही इतक्या लांब हातांचे नव्हते.

"बोट सोडा, दाजी."

"म्या कुठं धरलंय? तूच धरलंयस."

ट्रॅक्टर चालतोय. इंजिन बंद आहे, आवाज नाही, नुसता उतारावरून घरंगळतोय, आणि शेड मागे कुठंतरी राहिलीय. पसरणीचा घाट आहे. खाली धोम धरणाचं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं चमकतंय. सोपान ट्रॅक्टरच्या बाजूनं पळतोय, वाकून, कारण हात अजून खिडकीत आहे. पळायचं थांबलं तर हात राहील आणि सोपान पुढं जाईल, किंवा उलटं.

"ब्रेक मारा!"

"ब्रेक तू उतरवून ठेवलायस," दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून आरामात सांगतात. "म्हनला व्हतास, वाईवरनं आलो की बसवतो."

वळण येतं. वळणावर नेहमी भुईमुगाच्या शेंगा विकणारी म्हातारी बसते. आज ती राख विकतेय. शेरानं मापून, मापावर हात फिरवून सपाट करून. तिच्यापुढं गिऱ्हाइकांची रांग आहे आणि रांगेतल्या एकाही माणसाला चेहरा आठवत नाही. म्हणजे, सोपानला त्यांचे आठवत नाहीत असं नव्हे; त्यांनाच स्वतःचे आठवत नाहीत, आणि ते एकमेकांकडे बघून अंदाज घेतायत.

"उतरू द्या मला, दाजी. आक्का वाट बघती."

"वाट बघतीच हाय," दाजी म्हणतात. "म्हणून तर आलो."

कृष्णेचा काठ आहे. ट्रॅक्टर पाण्यात गुडघाभर उभा आहे, सोपानही, हात आत. दाजी काठावर उकिडवे बसून राख चाळतायत. आक्काची चहाची गाळणी आहे, दांडी तुटलेली, तारेनं बांधलेली. ती घरी चुलीजवळच्या खिळ्याला असते. राख चाळून चाळून ते एका बाजूला ढीग करतायत, निगुतीनं.

"लोखंड जळत न्हाय," दाजी म्हणतात. "मग गेलं कुठं?"

"भंगारवाल्यानं..."

"तुजं भंगारवालं!" दाजी मान वर करतात. चेहरा दाजींचाच आहे, पण उन्हात धरलेल्या कागदासारखा. मागचा काठ, मागची पायरी, पायरीवर वाळत घातलेलं धोतर, सगळं त्यातून दिसतंय. "म्या सोडलं असंल तर कुणी नेईल ना? हात आत हाय माजा. हँडल सोडंन कसा?"

ते मूठ पुढं करतात. मुठीत हँडल आहे. जुनं, वाकाशी जराशी चीर गेलेलं. तेच.

आणि मग सोपानला सगळं कळतं.  खिडकीत ज्यानं त्याचं बोट धरलंय तो हात दाजींचा आहे. हा समोरचा, हँडल धरलेला नव्हे; दुसरा. हिवाळ्यापासून आतच राहिलेला. देह जळाला, राख वाहून गेली, पण नियमाला काही शेवट नाही. हात आत आहे तोवर हँडल सोडायचं नाही. आणि हँडल हातात आहे तोवर हात आत.

"बारा महिनं असंच बसू व्हय?" दाजी म्हणतात. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थकवा येतो. "आखडलोय. बदली पायजे. घे."

"मला?"

"मग काय दीनाबाईला? ती आत शिरंल व्हय ट्रॅक्टरखाली?"

"न्हाय दाजी."

"घे रं."

आई म्हणायची आणि आक्का अजून म्हणते: मेलेलं माणूस सपनात येऊन मागत असलं तर द्यावं, पण त्याच्या हातचं घेऊ नये. जो घेतो तो जातो. मळ्यातल्या रखमामामीनं सपनात सासूच्या हातची ओंजळभर बोरं घेतली, आणि बोरांचा हंगाम काही तिनं पाहिला नाही. सोपान धीट म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हता. मित्रांच्या दुःखात तो शेवटच्या रांगेत उभा राहतो आणि जेवणावळीत पहिल्या. आत्ताही तो जे करतो ते त्याच्या स्वभावाला धरून आहे.

"दुसरं कोण बघा ना, दाजी. गावात मानसं काय कमी हायत? तो शिंद्यांचा बाबू बघा, रिकामाच असतो."

"त्याचा हात आत न्हाय."

"मग माजाच काढतो की."

"काढ."

सोपान ओढतो. हात येत नाही. खांद्यापासून खाली तो हात आता त्याचा राहिलेलाच नाही. कुणाचा तरी अवजड, ओला हात आपल्या खांद्याला शिवलाय असं वाटतंय. तो पाय रोवून ओढतो. खिडकीची कड मनगटावर आवळत येते.

"न्हाय निघत."

"मग आत कुणाचा हात हाय, सोपाना?"

"माजा."

"मग हँडल कुणाजवळ पायजे?"

सोपान पुन्हा हात ओढून बघतो. उत्तर दिलं की घ्यावं लागेल.

दाजी उसासा टाकतात. "बरं. मग तिच्याजवळ हाय का बघ."

दीनाबाईंची बाग आहे. हिरवळ इतकी सारखी कापलेली की तिच्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. कडेनं निळ्या फुलांचे गुच्छ आहेत. बागेच्या मधोमध ट्रॅक्टर, आणि सोपान त्याच्याखाली, उताणा, पाठीला गोणपाट. खालून त्याला फक्त पावलं दिसतात. एक जोडी पांढऱ्या कापडी बुटांची, त्यांच्याशेजारी काठीचं टोक. दुसरी अनवाणी. भेगाळ, रुंद, पायाच्या दुसऱ्या बोटावर फिकट वळं उमटलेलं. जिथं जोडवी होती आणि आता नाहीत.

आक्काची पावलं.

ती ट्रॅक्टरच्या तोंडाशी येतात. पदर खोचल्याचा आवाज येतो. मग तळहातावर थुंकल्याचा. आख्ख्या घाटात हँडल मारावं ते आक्कानं. दाजींनी भल्याभल्या पैलवानांना कधी हात लावू दिला नाही, तिला दिला. ती फिरवायला लागली की इंजिन दुसऱ्या फेरीला बोलायला लागत असे.

"आक्का!" सोपान ओरडतो. आवाज नाही. तोंडात राख आहे, दाढांपर्यंत. "आक्का, म्या हाय हितं! हात आत हाय!"

लोखंड लोखंडाला भिडल्याचा खट्ट आवाज येतो. आणि आत, बोटांखाली, चाक हलतं.

जरासं. एका दात्याइतकं. गार, चिकट, आख्ख्या डोंगराच्या वजनाचं चाक सोपानच्या बोटांखालून सरकतं, आणि त्याच्या मधल्या बोटाच्या पेराखाली काहीतरी येतं. बारीक. तिरपं. छिन्नीनं मारलेलं.

"घावली का?" कानाशी कुणीतरी विचारतं. दाजी त्याच्याशेजारी, ट्रॅक्टरखाली, खांद्याला खांदा लावून पडलेत. दोघांना पुरेल एवढी जागा तिथं नाही. त्यांच्या अंगाला विझलेल्या चुलीचा वास येतोय. "खूण. घावली का?"

"घावली," सोपान रडतो. "घावली, दाजी. तिला थांबवा."

"म्या कसं थांबवू? म्या मेलोय न्हवं? हँडल आतल्याजवळ असलं की भायेरचं थांबतं. येवढंच मला ठावं. घे म्हणतो ते आईकत न्हाईस."

चाक पुन्हा कुरकुरतं. सोपानला आता दोन्ही बाजू दिसतायत. घेतलं तर जायचं, नाही घेतलं तर हात जायचा, आणि तो आक्काच्या हातून जायचा. आक्का. जी नवऱ्याच्या मुठीतून हँडल काढू शकली नाही ती भावाचं मनगट खिडकीतून काढणार. मग ती पुढं किती वर्षं जगेल आणि कशी, हे सोपान एका श्वासात बघतो. आयुष्यात हिशेब त्याच्या बाजूनं येत नसताना तो कधी पुढं सरकलेला नाही. आत्ता सरकतो. डावा हात लांबवतो.

"अंगठा!" दाजी डाफरतात. "अंगठा बोटांच्या बाजूला. पलीकडनं घालू नगंस. उलट मारलं तर मोडंल. किती येळा सांगायचं?"

सोपान घेतो. हँडल बर्फासारखं आहे.

आत, बोटावरची पकड सुटते. एकेक बोट उलगडत. बाजूला कुणीतरी लांब, लांब श्वास सोडतं. दिवसभर डोक्यावर भारा वाहून आणलेला माणूस भारा टाकताना सोडतो तसा.

"सोपाना," दाजी म्हणतात.

ही तिसरी आहे.

"ओ," सोपान म्हणतो, आणि डोळे उघडतो.

पत्रा टकटकतोय. गोणपाट पाठीला टोचतंय. उजवा हात खिडकीत आहे, मेल्यासारखा बधिर. दारातून उन्हाचा पट्टा आत आलाय आणि त्यात चार पावलं उभी आहेत. दोन पांढऱ्या कापडी बुटांतली. दोन अनवाणी.

"आत्ता हितं व्हतं," आक्का म्हणतेय. "दाराला टेकवल्यालं. म्या सकाळी झाडताना बघितलं."

"सोपाननं नेलं असेल," हा दीनाबाईंचा आवाज. "वाईला."

"वाईला हँडल घेऊन कोण जातंय, बाई?"

"चंद्राबाई, माझी गाडी उभी आहे. मला नुसता एकदा आवाज ऐकायचा होता. सोपान म्हणाला होता, आजउद्या होईल."

"थांबा की. हँडल नसलं म्हणून काय झालं? मोठा पाना लावते म्होरच्या नटाला. तेवढ्यानं चालू न्हाय व्हायचा, पर फिरतंय का न्हाय ते तरी कळंल."

सोपानचं तोंड उघडतं. आवाज येत नाही. घसा खरोखरच कोरडा पडलाय. तो उजवा हात ओढतो. हाताला अजून हुकूम पोचत नाही. अनवाणी पावलं ट्रॅक्टरच्या तोंडाशी येतात. पदर खोचल्याचा आवाज. खट्ट. पाना नटावर बसतो.

सोपान डाव्या हातात जे आहे ते उचलून ट्रॅक्टरच्या पोटावर हाणतो. ठण्ण.

बाहेर सगळं थांबतं.

"कोण हाय?" दीनाबाई विचारतात.  ज्या ट्रॅक्टरखाली नवरा गेला त्या ट्रॅक्टरखालून आवाज आलाय, भर दुपारी. आक्का पाना धरून जागच्या जागी थिजते.

"आक्का," सोपानच्या घशातून फुटका सूर निघतो.

ओ नाही. पाना तसाच नटावर, आक्काचं सगळं वजन त्याच्यावर. ती थरथरली तरी चाक हलेल.

"आक्का."

ओ नाही. सोपानला ठाऊक आहे ती कशाची वाट बघतेय. तो गिळतो. आयुष्यात इतक्या सावकाश आणि इतक्या मन लावून त्यानं कुणाला हाक मारलेली नाही.

"आक्का."

"ओ," आक्का म्हणते.  "सोपाना? तू?"

"पाना काढ. हळू काढ. माजा हात आत हाय."

पाना निघाल्याचा आवाज येतो, मग जमिनीवर पडल्याचा. मग आक्का गुडघ्यांवर बसते आणि तिचा चेहरा ट्रॅक्टरखाली येतो, उलटा, पांढराफटक. ती आधी खिडकीतला हात बघते. मग मनगट धरून, अडलेल्या गाईचं वासरू काढावं तसा, हळूहळू फिरवून तो हात बाहेर काढते. बोटं मोजते. मोडून मोडून, ओठ हलवत मोजते.

मग त्याच्या थोबाडीत मारते.

"वाईला गेल्ता न्हवं?"

"आक्का..."

"हँडल कुठं ठिवून आत शिरला व्हतास? आं? त्यांनी येवढं जन्मभर सांगितलं..."

 तिला त्याच्या डाव्या हातात हँडल दिसलंय.

सोपानलाही ते आत्ताच नीट दिसतं. वाईच्या लोहारानं केलेलं, नवीन. चार ढांगांवर, दाराला टेकवलेलं. त्यानं स्वतः टेकवलेलं.

"व्हतं की तुज्याजवळ," आक्का हळू म्हणते. तिचा राग जागच्या जागी बसतो. "म्या उगाच..."

"मज्याजवळ न्हवतं, आक्का."

दीनाबाई दारातून विचारतात, "ठीक आहे ना सगळं?"  सोपान पाठीवर सरकत बाहेर येतो, उन्हाच्या पट्ट्यात बसतो, आणि हँडल दोन्ही हातांच्या तळव्यांवर आडवं धरतो, कुणीतरी धरायला दिलेलं मूल धरावं तसं. बधिर बोटांत रक्त परत येतंय, सुया टोचल्यासारखं. मधल्या बोटाच्या पेरावर तेलाच्या काळ्या थरात एक बारीक तिरपी रेघ उमटलीय. ती त्याला हवी होती, पण तो तिच्याकडे बघत नाही.

तो मुठीच्या जागेकडे बघतोय. नवीन, निळसर लोखंडावर राखेचा ठसा आहे. ओल्या हातानं धरून वाळलेला, स्वच्छ. चार बोटं एकापाठोपाठ. आणि अंगठा.

आक्का वाकून बघते. मग त्याची डावी मूठ हातात घेते आणि उघडते. घामानं लडबडलेली, तेलकट. राखेचा कणही नाही. ती मूठ तशीच हँडलवर ठेवून बघते. सोपानचा अंगठा, जन्माची खोड, पलीकडून वळून येतो. ठशातला अंगठा अलीकडे आहे. बोटांच्या बाजूला. शहाण्यासारखा.

 पत्रा टकटकतो.

"घेतलंस?" शेवटी आक्का विचारते, अगदी हळू, दीनाबाईंना ऐकू जाऊ नये अशी.

सोपान होकाराची मान हलवतो. 

आक्का हँडल मागायला हात पुढं करते. सोपान ते देत नाही. पोटाशी धरून तो तसाच गुडघ्यांवर वळतो, ट्रॅक्टरखाली डोकं घालतो, आणि खिडकीच्या काळ्या चौकोनात, आत, सगळं धैर्य गोळा करून बोलतो.

"दाजी. हात काढला का?"